शिंपीणबाईच्या पायांतली नाचणारी

“हलू नकोस! पापणी हलली तरी चालेल, पाय हलता कामा नये!”

घंटीबाबा असा गरजला आणि लाकडाच्या वखारीमागचं अख्खं आवार चिडीचूप झालं. दिवेलागणीची वेळ होती. मधोमध स्टुलावर शिंपीणबाई बसली होती. तिला सातवा महिना सरत आलेला, आणि दोन्ही घोट्यांना पितळी घंट्यांच्या माळा. न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून आला होता, आणि ते गिऱ्हाईकही त्याच्यामागून आलं होतं. मागे राहिलेले लोक ओंडक्यांवर चढून माना उंचावत होते.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग उजव्या पायाची एक घंटी बारीक किणकिणली. मग डाव्या पायाची. मग दोन्ही माळा एकदम खुळखुळू लागल्या.

“आई गं!” गर्दीतून आवाज उठला.

“आली!” बाबा ओरडला. “बोल, कोण आहेस तू?” मग त्यानेच शाल तोंडावर ओढली आणि आतून बायकी आवाज आला, “नाचणारी आहे मी! माझा नाच अर्धा राहिलाय!” शाल ओढली म्हणजे आवाज कुठून आला ते कोणाला कळत नाही, असं बाबाचं मत होतं. नवल म्हणजे गर्दीचंही तेच मत पडलं.

मग बाबाने शिंपीणबाईला उठवून दिव्याभोवती फेऱ्या घालायला लावल्या आणि मागून मंत्राचा सपाटा लावला. फेऱ्या झाल्यावर तिला पुन्हा बसवलं, तर घंट्या मुक्या! लोकांनी टाळ्या पिटल्या. बाबाने लगबगीने माळा सोडून झोळीत टाकल्या.

सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. “महाराज, सुनेला सोडवा हो.”

“सोडवू. हा काळा काढा दोन वेळा द्यायचा. दवाखान्याच्या गोळ्या बंद. हिरव्या पालेभाज्याही बंद, त्या नाचणारीला हिरवा रंग फार आवडतो. आणि पुढच्या बैठकीला दोर घेऊन या, मंतरून देतो. दिवे लागले की हिचे पाय खाटेला बांधायचे, ते उजाडल्यावर सोडायचे. बाळंत होईपर्यंत असंच. नाचायला जागाच उरली नाही की कंटाळून जाईल.”

“घरातला दोर चालेल?”

“नवा लागेल.”

 शिंपीणबाईने पाय मुद्दाम हलवले नव्हते, हे तिचं तिला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी जरा टेकलं की पोटऱ्यांच्या आत कोणीतरी सोडावॉटर ओतल्यासारखं व्हायचं. मुंग्या चालायच्या, पण कातडीवर नव्हे, हाडांच्या आतून. पाय झाडला तरच जिवाला बरं वाटायचं. ते पाय रात्रभर बांधून ठेवायचे?

“मी वेडी होईन हो,” ती घरी जाताना नवऱ्याला म्हणाली. “तुम्ही आईंना सांगा.”

नवरा बसचा कंडक्टर, स्वभावाने हसरा. तो म्हणाला, “अगं, फुकट्याला मी भर रस्त्यात खाली उतरवीन. आईला कसं उतरवू?”

पुढच्या आठवड्यात दुकानात शाळेच्या गणवेशांची घाई होती. शिंपीणबाई दिवे लागल्यावरही पायमशीन चालवत बसली. कॉलर, काज, पुन्हा कॉलर. अचानक तिच्या लक्षात आलं, आज पाय कसे गुपचूप आहेत? एवढ्यात मशीनच्या चाकाचा पट्टा तुटला. नवा पट्टा येईपर्यंत ती हात मांडीवर ठेवून बसली, आणि पोटऱ्यांतलं सोडावॉटर फसफसायला लागलं. पट्टा आला, पाय पुन्हा खालीवर होऊ लागले, आणि सगळं शांत.

तिने मुद्दाम मशीन थांबवलं. थोड्या वेळाने पाय चाळवले. चालवलं, तर थांबले. पुन्हा थांबवलं, पुन्हा चालवलं. शेजारच्या काजवालीने विचारलं, “काय गं, शिवतेयस की खेळतेयस?”

“बघतेय,” शिंपीणबाई म्हणाली. “भूत शिलाई मशीनला घाबरतं का?”

रात्री तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, “उद्या दवाखान्यात जाऊ. आईला मात्र सांगू नकोस.”

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “तू केलास तसा प्रयोग मला सुचला नसता,” त्या म्हणाल्या. “याला अस्वस्थ पाय म्हणतात. गरोदरपणात बऱ्याच जणींना होतं, शेवटच्या महिन्यांत जास्त. स्वस्थ बसलं की चाळवतं, दिवस कलला की वाढतं, चाललं की दबतं. बहुतेकींचं बाळंतपणानंतर जातं. तुझ्या रक्तात लोह कमी असणार, आज तपासून घेऊ. आणि पाय रात्रभर बांधायचे नाहीत हं. या दिवसांत पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते.”

मग त्यांनी शिंपीणबाईने सोबत आणलेली काढ्याची बाटली हुंगली, बोटावर थेंब घेऊन चाखला आणि तोंड वाकडं केलं. “अगं, हा चहा आहे! उकळून उकळून काळा केलेला. चहाने लोह अंगी लागत नाही, आणि इतक्या कडक चहाने पायांची चुळबूळ वाढायचीच. म्हणजे औषधही बाबाचं, आणि गिऱ्हाईक परत यायची सोयही बाबाचीच.”

रक्तात लोह खरंच कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, आणि पुढच्या बैठकीला त्या स्वतः येऊन गर्दीत उभ्या राहिल्या.

त्या दिवशी सासूबाई नवा कोरा दोर काखेत मारून पुढे बसल्या होत्या. घंट्या बांधल्या, त्या खुळखुळल्या, शालीतून नाचणारी बोलली. बाबा मंत्राला सुरुवात करणार, तोच शिंपीणबाई म्हणाली, “महाराज, आज मंत्र आमचे हे म्हणतील.”

“मंत्र म्हणजे काय पोरखेळ आहे?”

पण कंडक्टर तोवर वर्दीतच पुढे आला होता. त्याने बायकोचा हात धरून तिला उठवलं, दिव्याभोवती चालवलं आणि रोजच्या खणखणीत आवाजात सुरू केलं, “मंडई, जुना पूल, पाण्याची टाकी, शाळा, दवाखाना, शेवटचा थांबा! चला, पुढे सरका, पुढे जागा आहे! मंडई, जुना पूल, पाण्याची टाकी...”

फेऱ्या झाल्या. शिंपीणबाई बसली. घंट्या मुक्या.

आवारात हशा पिकला. “वर्दीला घाबरली ती!” बाबा म्हणाला आणि माळा सोडायला वाकला.

“थांबा,” डॉक्टरीणबाई पुढे आल्या. “माळा राहू द्या जरा.”

“दोष लागेल!”

“मला लागू दे.”

सगळे वाट बघत राहिले. थोड्या वेळाने घंट्या पुन्हा किणकिणल्या. “हे दिसू नये म्हणून घाई करता ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बसवलं की पाय चाळवणार, चालवलं की थांबणार. मंत्र म्हणा, नाहीतर बसचे थांबे.”

“माझंही असंच होतं की!” पाववाल्याची पोटुशी बायको ओरडली आणि शिंपीणबाईला उठवून स्टुलावर बसली. शिंपीणबाईच्या माळा सोडून तिच्या पायांत बांधल्या. सबंध आवार श्वास रोखून बघत होतं, आणि घंट्या वाजल्या.

“ही... ही त्या नाचणारीची बहीण असणार,” बाबा चाचरला.

“मग दोघींना भाडं द्यायला सांगा,” पाववालीण म्हणाली. “फुकट काय राहतात?”

सासूबाई उठल्या. “महाराज, ‘पाण्याची टाकी’ कुठल्या मंत्रात येते, तेवढं सांगा.”

 बाबाने माळा सोडून झोळीत कोंबल्या आणि काढता पाय घेतला. गल्लीच्या टोकापर्यंत झोळी वाजत राहिली. चालणाऱ्याच्या घंट्या वाजतातच, त्याला नाचणारी लागत नाही.

डॉक्टरीणबाई लोकांना एवढंच म्हणाल्या, “शरीराचं काही कळलं नाही, तर घाबरून कोणाच्या पाया पडू नका. कधी होतं, कधी थांबतं, ते आधी बघा. मग दवाखान्यात या आणि विचारा. मला माहीत असेल ते सांगीन. नसेल तर माहीत नाही म्हणेन, पण शालीतून बोलणार नाही.”

गोळ्या, पालेभाजी, संध्याकाळचा फेरफटका आणि सासूबाईंच्या हातची पोटऱ्यांची मालिश यांवर उरलेले दिवस बरे गेले. पाय अधूनमधून चाळवायचे. मग नवरा म्हणायचा, “चल, जुन्या पुलापर्यंत जाऊन येऊ.” मुलगी झाली आणि काही दिवसांतच सोडावॉटर आपोआप थंडावलं.

बाळ बघायला शेजारीण आली. बाळ सारखं पाय झाडत होतं. शेजारीण कुजबुजली, “आजी, पोर फार लाथा मारतेय. कोणाला तरी दाखवून...”

सासूबाई अंगणात दुपटी वाळत घालत होत्या. त्यासाठी नवा कोरा दोर या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून बांधला होता. चिमटा लावता लावता त्या म्हणाल्या, “पाय आहेत ते, हलणारच. तुला काळजी वाटत असेल तर डॉक्टरीणबाईंना विचारू. दोर मात्र मिळायचा नाही. आता तो कामाला लागलाय.”