बारा गाठींची दोरी

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. पहाटे मी घरातल्या सर्वांना उटणे लावून न्हाऊ घातले, आणि संध्याकाळी त्याच घरातून माझी सहा वर्षांची नात चैत्राली नारिंगी झगा घालून, भोपळ्याचा मुखवटा चढवून, भूत व्हायला निघाली. माझी त्याला हरकत नव्हती. मुलांनी वेष पालटून शेजारच्या दारी खाऊ मागावा, यात वावगे काही नाही. हरकत होती ती मुलांच्या मागून चालणाऱ्या मोठ्यांच्या हातांतल्या पेल्यांना.

माझा मुलगा हर्षल कतारमध्ये गॅसच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. दोह्याच्या अबू हमूर भागात वीस बंगल्यांच्या एका कंपाउंडमध्ये तो, सून अंबिका आणि चैत्राली राहतात. ऑक्टोबर ते जानेवारी मी त्यांच्याकडे असते. मागल्या वर्षीचा हा सोहळा मी पाहिला होता. मुले पुढे, आईवडील मागे, आणि बहुतेकांच्या हातात झाकणाचे कॉफीचे पेले. त्या कॉफीला कॉफीचा वास नव्हता. दारू होती ती, परवान्यावर आणलेली, कंपाउंडच्या भिंतीआड घेतलेली. म्हणून मी तेव्हा बोलले नाही. यंदा बोलायचे ठरवले.

दिवाळीच्या चकल्या चालल्या होत्या तेव्हाच मी विषय काढला.

"हर्षल, मुलांबरोबर फिरताना तू पिणार असशील, तर चैत्राली जाणार नाही."

"आई, एक बिअर! त्याला काय पिणं म्हणतात?"

"तुझ्या कारखान्यात वेल्डिंग चालू असतं तेव्हा शेजारी एक माणूस नुसता पाहत उभा असतो, असं तूच सांगितलंस. त्याचं काम काय?"

"ठिणगी कुठं उडते ते बघणं."

"मग त्याला देतोस का एक बिअर?"

हर्षल हसला. अंबिकेने कढईखालचा गॅस बारीक केला आणि ती माझ्याकडे वळली.

"आई, हे तुम्ही मलाच सांगताय ना? मी अर्धा ग्लास वाइन घेते. आठवडाभर ऑफिस, हिची शाळा, घर. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारची एक संध्याकाळ मिळते. अर्ध्या ग्लासानं मी आई म्हणून कमी पडत नाही."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"तुम्ही म्हणत नाही. तुम्ही नुसतं बघता."

हे मला झोंबले, कारण ते खरे होते. अखेर तह झाला. हर्षलने त्या दिवशी थेंबही घ्यायचा नाही, अंबिकेने तिचा अर्धा ग्लास घ्यावा, आणि मुलांची रांग मी स्वतः न्यायची.

रांगेची व्यवस्था माझ्यापाशी तयारच होती. नाशिकला मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षे काढली, त्यांतली चौदा मुख्याध्यापिका म्हणून. सहलीला जाताना मी नायलॉनची लांब दोरी नेत असे. हातभर अंतरावर एकेक गाठ, आणि प्रत्येक गाठीला एक मुलगी. सर्व गाठींवर हात दिसले की सर्व मुली जागेवर. एकतीस वर्षांत माझी एकही मुलगी हरवली नाही, हे मी दोह्यातही भेटेल त्याला ऐकवत असे. कंपाउंडमधली मुले बारा होती. मी बारा गाठी मारल्या.

साडेपाचला अंधार पडता पडता आम्ही निघालो. आईवडिलांचा घोळका मागे होताच. नऊ नंबरच्या बंगल्यातले विजय मुजुमले पुढे आले. मनुष्य उमदा, पण तोंडाळ.

"काय काकू, शाळा भरली वाटतं!"

"भरली. तुम्ही वर्गाबाहेर उभे राहा."

सगळे हसले. विजयराव हात जोडून म्हणाले, "काकू आहेत म्हटल्यावर आम्हाला काय काळजी! चला रे, निवांत घ्या." आणि त्यांनी आपला पेला पुन्हा भरला.

ते वाक्य मला फार सुखावून गेले. मी मान ताठ करून दोरीचे टोक धरले आणि पावले टाकू लागले.

नऊ नंबरला त्यांच्या पत्नी शशिकला यांनी अंगणात टेबल मांडले होते. तिथे आणखी सात मुले आलेली होती. शशिकलाच्या ऑफिसातली मैत्रीण तसनीम त्यांना ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतून आपल्या मोठ्या गाडीतून घेऊन आली होती. एकोणीस मुखवटे एका टेबलाभोवती. एकाच मॉलमधून आणलेले, त्यामुळे नारिंगी झगे तीन, काळ्या टोप्या पाच. दोरी गवतावर टाकून मुले खाऊवर तुटून पडली. काही वेळाने मी टाळी वाजवली.

"दोरी!"

मुले धावत आली. मी पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत नजर फिरवली. बारा गाठी, बारा हात.

"निघा."

दहा, अकरा, बारा नंबरचे बंगले झाले. तेरा नंबरच्या फाटकाशी अंबिका मागून झपझप पुढे आली. तिच्या हातात तिचा तो पेला होता.

"आई, थांबा."

"आता काय झालं?"

"चैत्रालीचे बूट पांढरे आहेत."

सातव्या गाठीला धरून उभ्या असलेल्या नारिंगी झग्याखाली लाल सँडल होत्या. अंबिकेने गुडघे टेकून मुखवटा वर केला. आत एक अनोळखी मुलगी होती. तिच्या दोन्ही गालांत चॉकलेट भरलेले होते.

"हॅलो आंटी," ती म्हणाली.

त्या क्षणी माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे: "पण गाठी तर बारा आहेत."

नात जागेवर नव्हती, आणि मी गाठी मोजून दाखवत होते. अंबिकेने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिने त्या मुलीचे खांदे धरून विचारले, "बेटा, नाम क्या है? किसके साथ आई हो?"

"मुनीरा. तसनीम खाला के साथ."

पुढची काही मिनिटे मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. हर्षलने चैत्रालीला हाका मारायला सुरुवात केली. विजयराव पोहण्याच्या तलावाकडे धावले आणि काठावर घसरून गुडघ्यावर आपटले, तरी लंगडत त्यांनी तलावाभोवती चक्कर मारली आणि ओरडून सांगितले, "इथं नाही!" फाटकावरचा पहारेकरी अरुणकुमार सांगू लागला, "मॅडम की गाडी पंधरा मिनट पहले निकली. मॅडम ने बच्चे गिने थे. पूरे सात."

शशिकला तसनीमला फोनवर फोन लावत होती. घंटा जात होती, कुणी उचलत नव्हते. गाडी चालवताना तसनीम फोन घेत नसे. चैत्राली त्या गाडीत असेल, असे सगळ्यांना वाटत होते. असेलच, असे म्हणायला कुणी धजत नव्हते.

अंबिका घराकडे धावली. आमची गाडी रोज तीच चालवते. तिने दार उघडले, एक पाय आत ठेवला, आणि तशीच थांबली. या देशात गाडी चालवणाऱ्याच्या पोटात एक घोटही चालत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तिने पाय हळूच बाहेर काढला. मागून आलेल्या हर्षलच्या हातात तिने किल्ली ठेवली. विजयराव "मी जातो..." असे म्हणता म्हणता गप्प झाले. बाकीचे बाप खाली पाहत होते. एकाने टॅक्सी मागवली. ती यायला अठरा मिनिटे होती.

"शशिकलाकडून तसनीमचा पत्ता घे आणि तू जा," अंबिका हर्षलला म्हणाली. "ती इथंच कुठं असली तर? मी एकेक घर बघते."

मी मुनीराला घेऊन मागच्या सीटवर बसले. मला कुणी बोलावले नव्हते आणि कुणी उतर म्हटले नाही.

गुरुवार संध्याकाळची गर्दी होती. हर्षल दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता. तो भराभर नेत होता, पण एकही सिग्नल त्याने मोडला नाही. माझ्या शेजारी मुनीरा पिशवीतले चॉकलेट निवडत होती.

"आप उसकी दादी हैं?"

"हाँ."

"आपकी रस्सी अच्छी है. एक गाँठ खाली थी, मैंने पकड़ ली."

मला रडू आले नाही. मी रडत नाही. पण खिडकीबाहेरचे दिवे मला काही वेळ नीट दिसेनात.

तिसऱ्या सिग्नलला हर्षलचा फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर शशिकलाचा आवाज आला, "भावजी, मिळाली! तसनीमच्या गाडीत आहे. आत्ता घरी पोचून तिनं मुखवटे काढले. मी अंबिकेला सांगितलंय, ती इथं माझ्याजवळच आहे."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. हर्षलने गाडी पुढे घेतली आणि तो म्हणाला, "आई, मी तर प्यायलोही नव्हतो."

"ठाऊक आहे मला."

"तरी मी बघत नव्हतो. नऊ नंबरला मी कट्ट्यावर बसून मोबाइल चाळत होतो. तू आहेस म्हटल्यावर..."

वाक्य त्याने तिथेच सोडले. विजयरावांचे वाक्यही असेच होते. मी पीत नव्हते, म्हणून इतर निर्धास्त प्यायले. मी पाहत होते, म्हणून न पिणाऱ्यानेही पाहायचे सोडले. आणि मी तरी काय पाहिले? मी गाठी पाहिल्या. माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हते, पण काकू आहेत म्हटल्यावर काय काळजी, हे शब्द मी तासभर मनात घोळवत होते.

"तू घेतली असतीस तर आत्ता या गाडीत कोण बसलं असतं?" मी म्हटले. "माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, हर्षल. अपुरं होतं."

"हो," तो म्हणाला, आणि आरशातून माझ्याकडे पाहून किंचित हसला.

ओल्ड एअरपोर्टला इमारतीच्या दारात तसनीम पांढरीफटक होऊन उभी होती. चैत्राली तिचा हात धरून उड्या मारत होती.

"आजी, दे सेड नेक्स्ट प्लेस हॅज मोर चॉकलेट! सो आय वेंट!"

हर्षलने तिला उचलून छातीशी धरले. तसनीमने मुनीराला जवळ ओढले आणि ती माझ्याकडे वळली.

"आंटी, अल्लाह कसम, मैंने गिने थे. पूरे सात थे."

"मैंने भी गिने थे, बेटी. पूरे बारह."

मग ती हसू लागली, हसता हसता रडू लागली, आणि माझ्या खांद्यावर तिने डोके टेकले. मी परक्या माणसांना सहसा जवळ घेत नाही. तिला घेतले.

परत आलो तेव्हा सगळी मंडळी फाटकाजवळ उभी होती. पेले कुणाच्याच हातात नव्हते. अंबिकेने चैत्रालीला घेतले, तिच्या पांढऱ्या बुटांवर हात फिरवला, मग तिला जमिनीवर उभे केले. मी सर्वांसमोर, आवाज खाली न आणता, म्हटले, "अंबिका, चूक माझी झाली. ओळखलंस ते तू."

तिने डोळे पुसले. "आई, खरं सांगू? आज तुमची एक तरी चूक सापडावी, असं मला सकाळपासून वाटत होतं. पण अशी नको होती."

"मिळाली आहे तर जपून ठेव. पुन्हा मिळेल असं नाही."

ती हसली, त्या मुक्कामात माझ्यापाशी ती इतकी मोकळी पहिल्यांदाच हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "ते दार उघडलं ना गाडीचं, आणि मला बसता येईना... तो अर्धा ग्लास मी पुन्हा मुलं घरात आल्यावरच घेईन. तुम्ही सांगता म्हणून नाही."

"मी सांगितलेलंच नाही."

"काकू," विजयराव गुडघा चोळत पुढे आले, "पुढच्या वर्षी मुलं बाहेर असेपर्यंत सगळं बंद. एक थेंब नाही. घरात आली की मग आपण मोकळे. आणि प्रत्येकानं आपापलं पोर बघायचं."

"आणि मी?"

"तुम्ही वर्गाबाहेर उभ्या राहा."

हशा पिकला. मीही हसले. त्यांना तेवढा हक्क होता.

मुलांना मात्र या कशाशी कर्तव्य नव्हते. आठ बंगले राहिले होते, आणि ते झाल्याशिवाय ती घरी जाणार नव्हती. तेव्हा सगळेच निघालो. या वेळी प्रत्येक मुलाचा हात त्याच्या आईच्या नाहीतर बापाच्या हातात होता, आणि अंबिकेने चैत्रालीचा एक हात धरून दुसरा माझ्या हातात दिला.

चौदा नंबरच्या हजराबींनी दार उघडले. वाटीत लिमलेटच्या गोळ्या घेऊन त्यांनी मला विचारले, "कितने बच्चे हैं, बहनजी?"

आकडा माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला आणि मुलांना म्हटले, "मुखवटे वर करा. आजींना आपापलं नाव सांगा."

सगळ्यांनी एकदम आरडाओरडा करून सांगितले. हजराबींना एकही नाव कळले नाही. मग त्यांनी चष्मा लावला, पायरीवर बसल्या, आणि एकेकाला जवळ बोलावून, चेहरा नीट न्याहाळून, हातात गोळी देऊ लागल्या. यात फार वेळ गेला. कुणालाही घाई नव्हती.