सिंकखालचा साठा

गॅसचा नंबर लागला आहे, शनिवारी दुपारी माणूस सिलिंडर घेऊन येईल, असा निरोप एजन्सीतून आला. सुमेधा खानविलकरने सिंकखालच्या कपाटाचं दार उघडलं, आत पाहिलं आणि लगेच लावून टाकलं.

वाशीतल्या सिडकोच्या त्या घरात सिलिंडर ठेवायला दुसरी जागा नव्हती. एक खोली, एक स्वयंपाकघर. ओट्याखाली सुताराने प्लायवूडची दोन दारं बसवून दिली होती, म्हणून त्याला कपाट म्हणायचं. खरं तर ती सासऱ्यांची, दिनानाथ ऊर्फ अण्णांची जहागीर होती.

एजन्सीने बजावलं होतं : घरात रॉकेल दिसलं तर सिलिंडर परत. परत गेला की पुन्हा कधी येईल ते देवालाच ठाऊक. नाव नोंदवलं तेव्हा सुमेधाची मुलगी पाळण्यात होती; आता ती तेराचा पाढा म्हणत होती. एवढी वर्षं स्टोव्हला पंप मारून सुमेधाचा उजवा खांदा दुखायला लागला होता, आणि पिन करून करून तिची बोटं काळी ती काळीच राहिली होती.

आणि नेमकं रॉकेलच कपाटात होतं. अण्णांचा हिशेब साधा होता. गॅस आला की रेशनकार्डावर शिक्का बसतो. शिक्का बसला की रॉकेल बंद. तेव्हा गॅस यायच्या आत रॉकेल साठवलं पाहिजे. नाव नोंदवल्यापासून दर महिन्याच्या कोट्यातून ते थोडं थोडं बाजूला काढत आले होते.

शनिवारी सकाळी नंदकुमार बेलापूरला ऑफिसात निघाला. "अण्णांशी गोडीने बोल," एवढं बायकोला सांगून तो जिना उतरला, तोही नेहमीपेक्षा लवकर.

सुमेधाने पदर खोचला. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले.

"सगळं काढायचंय, अण्णा."

"काढ की. पुसून परत ठेव."

पुढच्या रांगेत राखेचा डबा, नारळाच्या शेंड्या, उंदराचा पिंजरा आणि एक पितळी नळ निघाला.

"हा नळ कशाला?"

"सिंकचा नळ बिघडला तर."

"हा बिघडलेलाच आहे."

"म्हणून तर जपून ठेवलाय."

मागच्या रांगेत बाटल्या होत्या. कोकम सरबताच्या, टॉनिकच्या, तोंडाला चिंधी बांधलेल्या. त्यामागे डालड्याचे डबे. त्यामागे अंधार होता आणि अंधारात आणखी डबे होते. सुमेधा गुडघ्यांवर बसून डोकं आत घालून एकेक ओढत राहिली.

"उद्या युद्ध लागलं तर हा तुझा गॅस येणार आहे का?" अण्णांनी वरून विचारलं. "एकाहत्तर साली काय झालं होतं?"

"एकाहत्तर साली आपल्याकडे गॅस नव्हता."

"म्हणून जेवलो."

समोरच्या मीना सामंतकडे गॅस येऊन दोन वर्षं झाली होती. "माणूस जाईपर्यंत ठेवून घेतेस?" सुमेधाने विचारलं.

"घेते की," मीना म्हणाली. "एखादी बाटली न्यायची विसरलीस तरी मी काही बोलणार नाही."

मग मीनाच्या न्हाणीघरात साठा जाऊ लागला. अण्णा प्रत्येक डब्याबरोबर दारापर्यंत जायचे, परत येऊन बसायचे. मुलगी सासरी पाठवतानाही माणूस इतक्या वेळा उठत नाही.

कपाट रिकामं झालं, धुतलं गेलं. मात्र सुमेधाच्या जिवाला दुसराच घोर लागला. अण्णा निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यात खोटं बोलले नाहीत, असं ते सांगत, आणि अडचणीची गोष्ट म्हणजे ते खरंच होतं.

"तुम्ही जरा बागेत फिरून येता का?"

"माझ्या घरातून मला बाहेर काढतेस?"

"बसा मग. पण गप्प बसा."

जेवणं उरकली, तोच नामदेव आला. एजन्सीचा मेकॅनिक, कामोठ्याचा. हातातली नवी शेगडी त्याने ओट्यावर ठेवली, खांद्यावरचा सिलिंडर खाली उतरवला आणि नाक वर केलं.

"वयनी, रॉकेलचा वास येतोय."

"भिंतींना लागलाय तो. वर्षानुवर्षं स्टोव्हच होता ना."

"घरान रॉकेल नाय ना? बाबा, तुमी सांगा."

"आता नाही," अण्णा म्हणाले.

सुमेधाने डोळे मिटले. नामदेवने सिलिंडर अर्धा कपाटात, अर्धा बाहेर असा सोडला. "आता म्हंजे?"

"तुमच्या घरी किती वर्षं आहे गॅस?" अण्णांनी उलट विचारलं.

"आमचे घरी? स्टोच हाय."

अण्णा उभे राहिले. "ऐकलंस, सुमेधा? जोडणारा स्वतः घरात ठेवत नाही."

"नंबर लागला नाय, बाबा," नामदेव म्हणाला. "आनि कामोठ्यान आमची गाडीच येत नाय. बायको रोज ऐकवते, गावाला गॅस जोडतोस आनि पंप मी मारते. या महिन्यान रॉकेल पन नाय. काल म्हनाली, जेवायला एजन्सीतच जा."

"गेलात?"

"केळी खाल्ली."

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. रॉकेलवाचून उपाशी राहिलेला माणूस त्यांच्यासमोर प्रथमच उभा होता. आपण इतकी वर्षं कोणासाठी साठवत होतो, याचा त्यांना तिथल्या तिथे उलगडा झाला.

"समोर मीनाकडे आहे," ते म्हणाले.

"काय हाय?"

"रॉकेल. आमचं."

सुमेधा ओट्याला टेकली. नामदेवने आधी तिच्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे, मग समोरच्या बंद दाराकडे.

"समोर हाय, म्हंजे या घरान नाय."

"नाही," अण्णा खरं तेच बोलले.

"मंग माजं काम या घरान हाय." त्याने सिलिंडर गुडघ्याने आत ढकलला. रेग्युलेटर खट्‌कन बसला. साबणाचं पाणी लावून त्याने जोड तपासले, पाना पिशवीत टाकला आणि हळूच विचारलं, "सगलं देनार काय?"

"एक डबा राहू दे घरात," अण्णा सुनेला म्हणाले.

"नाही."

"एक बाटली."

"अण्णा, ते शेगडी काढून नेतील."

"नेनार," नामदेव म्हणाला.

मीनाकडचा साठा थेट खाली गेला. नामदेवने सायकलीला दोन्ही बाजूंना गोणपाट बांधून डबे त्यात उभे केले. अण्णा खालपर्यंत पोचवायला गेले. "नंबर लागेपर्यंत पुरवून वापरा," ते म्हणाले. "आणि लागायच्या आधी थोडं साठवायला लागा."

वर सुमेधाने शेगडीला हळदकुंकू वाहिलं, रीतीप्रमाणे दूध उतू घातलं आणि मग चहा टाकला. अण्णा जिना चढून खुर्चीत टेकतात तोच कप हातात आला.

"इतक्या लवकर?" अण्णांनी संशयाने घोट घेतला. "कच्चा आहे."

"मग राहू दे. ओतून टाकते."

अण्णांनी कप मागे घेतला, सावकाश संपवला आणि रिकामा तिच्यापुढे धरला.

"अजून एक टाक. या वेळी नीट उकळतो का ते बघतो."