रोवणी यंत्राची निवड

करडीच्या तेजरामची शेती कोण सांभाळतं, असं कुणी विचारलं असतं तर अख्ख्या गावानं त्याच्या पोरीचं, सरिताचंच नाव घेतलं असतं. तिचा भाऊ अंकुश वरठीला कामावर जायचा. भाताच्या बांधीतल्या चिखलात त्याचा पाय क्वचितच पडायचा.

तरुण शेतकऱ्यांसाठी कृषी खात्याची प्रशिक्षणं निघाली. सरितानं यादी दोनदा वाचली आणि ‘भात रोवणी यंत्र चालवणे व दुरुस्ती’वर बोट ठेवलं. बारा वर्षं वाकून रोवणी करत आलेल्या पोरीला दुसरं काय सुचणार! तेजराम अर्ज घेऊन मोहाडीच्या कृषी कार्यालयात गेला.

परत आल्यावर तो बराच वेळ चपलाच काढत बसला.

“साहेब म्हणे, पोरगी लगन होऊन जाते. मशीन चालवणारा गावातच पायजे. म्हणून अंकुशचं नाव देल्लं.”

“अन् माह्यं?”

“तुह्यं लोणचं बनवाच्या ट्रेनिंगात टाकलं.”

“बाबा, त्याले परे कोणते अन् तण कोणतं, थे बी समजत नाही.”

“म्हणून तं शिकाले पाठवून राह्यलो.”

अंकुश टोपी, प्रमाणपत्र आणि एक पुस्तिका घेऊन आला. पुस्तिका सरितानंच वाचली. यंत्रासाठी ट्रेमध्ये परे, म्हणजे भाताची रोपं, तयार करायची आणि वीसेक दिवसांत रोवायची. तिनं त्याला तीनदा आठवण करून दिली. त्याची ड्युटी संपेना. पस्तीस दिवस झाले. शेवटी यंत्र बांधीत उतरलं, तेव्हा वाढलेल्या परांच्या मुळ्या त्यात अडकल्या. अंकुशला त्या काढता येईनात. बांधावरची माणसं हसू लागली.

“सरिता, बायांले आवाज दे,” तेजराम म्हणाला.

दुपारपर्यंत बायांनी पाव बांधी हातानं रोवली. तेवढ्यात मोहाडीचे साहेब आले. अंकुशला यंत्रामागं उभं करून त्यांनी मोबाइल काढला.

“बायांनो, जरा बाजूले व्हा.”

सरिता बांधावर चढली. “साहेब, लोणच्याचा फोटो कधी काढता?”

साहेबांना गंमत वाटली. ते हसले. अंकुशही हसला, आणि मोटरसायकल काढून ड्युटीवर निघून गेला.

तेजराम परांची पेंढी घेऊन तिच्याजवळ आला. “पुढच्या बारीले तुह्यंच नाव देतो.”

“कोणाचंही द्या,” ती म्हणाली, आणि चिखलात उतरली. पाऊण बांधी अजून बाकी होती.