फक्त पाळक वाचतील

मी एक चिठ्ठी बोलतेय. प्रेमपत्र नव्हे, तेवढं माझं नशीब कुठलं. चर्चमध्ये पहिल्यांदा येणाऱ्यांकडून भरून घेतात ना, ती मी. तळहाताएवढा जाड पिवळा कागद. वर नाव, खोलीचा नंबर, फोन. खाली 'प्रार्थनेसाठी विनंती' आणि चार मोकळ्या ओळी. त्याखाली बारीक अक्षरात एक वाक्य: 'ही विनंती फक्त पाळक वाचतील.'

त्या वाक्याचा मला भारी तोरा होता. छापखान्यात माझ्या शेजारी लग्नपत्रिका होत्या, सवलतीच्या जाहिराती होत्या. त्या गावभर मिरवणार आणि मी गुपित राखणार, असं मला वाटायचं. अंगावर छापलेलं खोटं कसं असेल?

कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात फाटकाशी चर्चवाल्यांनी टेबलं मांडली होती. आमच्या टेबलामागे स्वागतकाकू होत्या. हे नाव विद्यार्थ्यांनीच त्यांना ठेवलेलं. औषधशास्त्राच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी खाली मान घालून चालली होती. काकूंनी तिला थांबवलं, हातात मला कोंबलं, वर बिस्किटाचा पुडा दिला.

"ये गं एकदा. कोणी खाणार नाही तुला."

ती हसली आणि तिने मला बायबलात खोचलं. वसतिगृहात तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं, "तुझे बाबा तर पाळक ना? मग चर्च निवडायला एवढा काय विचार?"

"म्हणूनच," ती म्हणाली. "मला फक्त मागे बसायचंय. आनंदी चेहरा न करता."

पहिल्या रविवारी आम्ही मोठ्या दगडी चर्चमध्ये गेलो. ती बसली न बसली तोच एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. "ही आमची जागा आहे," ते अगदी नम्रपणे म्हणाले. ती उठून दुसरीकडे बसली, तर तिथेही कोणाची तरी जागा निघाली. शेवटी तिने खांबामागे बसून उपासना ऐकली. देवाच्या घरात सगळे मालक, पाहुणी एकटी तीच.

दुसऱ्या रविवारी एका सभागृहात गेलो. तिथे गिटार, ढोल, आणि प्रत्येकाचे हात वर. गाणं संपल्यावर पुढचा माणूस म्हणाला, "आज आलेल्या नव्या ताई आता देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतील." नव्या ताईंनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं आणि थेट बस पकडली. पाळकाची मुलगी ती, पळवाटा तिला पाठ होत्या.

तिसऱ्या रविवारी ती माझ्या चर्चमध्ये आली. काकूंनी तिला मागच्या रांगेत बसवलं, चहा दिला, काही विचारलं नाही. माझी छाती अभिमानाने फुगली. ती पुढच्या रविवारी आली, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला एका गाण्याला तिचे ओठ हलले.

चौथ्या खेपेला तिने मला बाहेर काढलं. नाव लिहिलं, नंबर लिहिला आणि त्या चार ओळींपाशी पेन थांबलं. खालचं बारीक वाक्य तिने दोनदा वाचलं. मग इतकं दाबून लिहिलं की अक्षरं माझ्या पाठीवर उमटली:

'आई गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मला प्रार्थना करता येत नाही. बाबा रोज संध्याकाळी फोनवर माझ्याबरोबर प्रार्थना करतात. मी आमेन म्हणते, पण मनात काहीच नसतं. कृपा करून बाबांना कळू देऊ नका.'

तिने मला दाराजवळच्या पेटीत टाकलं. पेटीला छोटंसं कुलूप होतं. त्या कुलपाचाही मला भरवसा वाटला.

मंगळवारी कुलूप उघडलं ते काकूंनी. पाळकसाहेबांना वेळ नसतो म्हणून कित्येक वर्षं त्याच उघडत होत्या. माझ्यावरचं वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खरं होतं. डोळे पुसून त्यांनी फोन काढला आणि बायकांच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, नावासकट. वर पुस्ती जोडली, 'प्रार्थनेसाठी सांगतेय हं, बाहेर बोलू नका.' ग्रुपमध्ये चाळीस जणी होत्या.

मग पाळकसाहेब आले. त्यांनी मला हातात धरून नाव-आडनावापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "अरे, हिचे वडील पाळकांच्या शिक्षणाला माझ्याच वर्गात होते," ते म्हणाले आणि फोनकडे हात नेला.

"तिने नको लिहिलंय," काकू म्हणाल्या. तेवढं तरी त्या बोलल्या.

"बाप आहे तो. त्याला नको कळायला?"

मी टेबलावर पडून होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

रविवारी ती आली तेव्हा एकीने तिचे दोन्ही हात धरले. दुसरी म्हणाली, "आम्ही सगळ्या उपास करतोय तुझ्यासाठी." तिसरी आपल्या सासूच्या आजारपणाची हकीकत सांगू लागली. मुलीने हात सोडवून घेतले. ती तडक कार्यालयात आली आणि काकूंसमोर उभी राहिली.

"माझी चिठ्ठी द्या."

"अगं, प्रार्थनेसाठीच सांगितलं मी. चांगल्यासाठीच ना?"

तिने मला उचलून त्यांच्यासमोर धरलं. "इथे काय छापलंय?"

काकूंनी चष्मा लावला. वाचलं, पुन्हा वाचलं. "हो की," त्या म्हणाल्या. "हे जुन्या पाळकसाहेबांच्या वेळचं. दरवर्षी तोच मजकूर छापायला जातो. बदलायचं राहूनच गेलं बघ."

कोणी मला मुद्दाम खोटं बोलायला लावलं असतं, तर निदान रागावता आलं असतं. इथे कोणी मला वाचलंच नव्हतं. आणि ज्या एकटीने वाचलं, ती फसली.

त्या संध्याकाळी सातला बाबांचा फोन आला. स्पीकर सुरू ठेवून ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुझ्या पाळकाने मला मंगळवारीच सांगितलं, आज धीर करून बोलतोय," बाबा म्हणाले. "दोन वर्षं, बाळा. मला वाटायचं, दिवसातलं एवढं एक काम आपण दोघं मिळून करतो."

"बाबा, आमेन मी तुमच्यासाठी म्हणत होते."

"तेच तर. आणि हे मला दुसऱ्या कोणाकडून कळावं?"

घडी घातलेला सदरा तिने उलगडला आणि परत घडी घातली.

आता मी तिच्या टेबलाच्या खणात असते, रिकाम्या पेनांशेजारी. रविवारी ती कपडे धुते. काकूंचे दोन निरोप आले, "रागावलीस का गं?" असे. तिने उत्तर दिलं नाही. मलाही काकूंचा राग आहे आणि मी तो लपवणार नाही. तुम्ही कधी नव्या गावात नवं चर्च शोधत असाल आणि कोणी प्रेमाने हातात चिठ्ठी ठेवली, तर नाव लिहा, नंबर लिहा. त्या चार ओळी भरण्याआधी मात्र पेटी कोण उघडतं ते विचारा. मी चिठ्ठी असून हे सांगतेय.

बाबांचा फोन अजून रोज सातलाच येतो. जेवण, अभ्यास, पाऊसपाणी, एवढं बोलून ते "बरं, ठेवतो" म्हणतात. काल तिने त्यांना थांबवलं.

"बाबा, आज प्रार्थना करू या ना. मी ऐकते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नको," ते म्हणाले. "तू आमेन म्हणशील, आणि मी ते खरं की खोटं बघत बसेन. मी एकटाच करतो आता."