बीपीचा मंगळवार

महिन्यातला पहिला मंगळवार बीपीचा. डेझा जिल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या दवाखान्यात त्या दिवशी सत्तर-ऐंशी म्हातारी माणसं बाकांवर बसतात आणि मी नर्स म्हणून त्यांच्यावर ओरडते. गोड बोलून इथे कुणी गोळ्या घेत नाही, असं माझं ठाम मत होतं.

सगळ्यांत जास्त बोलणी नामबेवे आजींनी खाल्ली. दर महिन्याला त्यांचा आकडा एकशे नव्वदच्या वर. एकाच्या दोन गोळ्या केल्या, दोनाच्या तीन; आकडा काही हलेना. "आजी, गोळ्या कोंबड्यांना घालता की काय?" मी सर्वांदेखत विचारलं. लोक हसले. आजी म्हणाल्या, घेते गं, पण उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. असल्या सबबी मला पाठ होत्या. तिन्ही घेतल्या नाहीत तर अंगावरून वारं जाईल, असा मी दम भरला.

या मंगळवारी त्यांचे यजमान लँगटन आजोबा एकटेच आले. आजी हातपंपापाशी चक्कर येऊन पडल्या होत्या. खुबा मोडला होता. चटईवरून उठता येत नव्हतं.

"तिनं निरोप दिलाय," आजोबा म्हणाले. "बाईंना सांगा, एकही गोळी चुकवली नाही."

"मग इथे आकडा एवढा कसा यायचा? इथे यायच्या दिवशी घेत होत्या ना?"

"त्या दिवशी कशी घेणार, पोरी? नंबर लागावा म्हणून आम्ही चूल न पेटवताच निघतो. उपाशीपोटी गोळी नको, तूच सांगितलंस."

ज्या एका दिवशी पोटात गोळी नसायची, वर अडीच तासांचा चढ, नेमकं त्याच दिवशी मी बीपी मोजत होते आणि औषध वाढवत होते. घरी तिन्ही गोळ्यांनी ते किती खाली जात असेल, हे मी कधी पाहिलंच नाही.

दोन गोळ्या आजपासून बंद करा, एवढंच आजोबांना सांगता आलं. मग मी बाकांकडे वळून विचारलं, आज सकाळी गोळी कुणी घेतली? एकही हात वर झाला नाही. शहाणी मुलं बाईंकडे बघतात तसे सगळे शाबासकीची वाट बघत बसले होते.

पुढच्या म्हातारीने बाही वर सारली. आकडा आला एकशे चौऱ्याण्णव. ती आपली औषधांची वही माझ्यापुढे उघडून उभी होती आणि तीत काय लिहावं, मला कळत नव्हतं.