ओंडक्याला सांग

मी एक जुना ओंडका आहे. ओंडक्याने बोलावे की नाही, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडला होता. माझ्यापाशी सांगण्यासारखे फारसे नाही, आणि जे आहे ते मला नीट सांगता येईल याचीही खात्री नाही. तरी मित्रांनो, थोडे ऐका. मधेच कंटाळा आला तर उठून जा; मला राग येत नाही.

मी मूळचा उंडीच्या झाडाचा. दूर दक्षिण समुद्रातल्या वावाऊ बेटावर, खाडीच्या काठाला उभा होतो. पिसिला नावाच्या बाईंच्या आजोबांनी मला तोडले, वरून तासून सपाट केले, खालून थोडे पोखरले आणि दोन्ही टोकांना आखूड पाय ठेवले. त्यामुळे मी जमिनीपासून जरासा उचललेला असतो आणि माझ्यावर थाप पडली की आवाज गावाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जातो. इथले लोक मला तुतुआ म्हणतात. कागदी तुतीची ओली साल माझ्यावर अंथरायची आणि सुरूच्या लाकडाच्या चौकोनी थापीने बडवायची, एवढेच माझे काम. अरुंद साल बडवता बडवता रुंद आणि पातळ होते. मग असे तुकडे कंदाच्या खळीने एकमेकांना चिकटवतात, त्यांवर तपकिरी नक्षी काढतात, आणि सालीचे लांबच लांब कापड तयार होते. आमच्याकडे माणूस जन्मला, परणला, वारला किंवा दूर जायला बोटीत बसला, की हे कापड लागतेच.

माझी स्तुतीही झाली. माझा आवाज गोड आहे असे बायका म्हणत. तो आवाज माझा होता की त्यांच्या हातांचा, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

मी ज्या पडवीत होतो ती बायकांची. तिथे पुरुष येत नसत. त्यातही पिसिलाचा धाकटा भाऊ, कितिओने त्याचे नाव, तर उंबऱ्याकडेही फिरकत नसे. इथे बहिणीचा मान भावापेक्षा मोठा. जुन्या वळणाच्या घरांत भाऊबहीण मोठे झाले की एका खोलीत बसत नाहीत, थट्टा करीत नाहीत, समोरासमोर फारसे बोलतही नाहीत. भावाच्या मुलांवर आत्याचा शब्द शेवटचा. पण शेजारी शेजारी घरे म्हटली की रोजच्या कामाचे बोलावे तर लागते. यावर पिसिलाने एक तोड काढली होती. तिला भावाला काही कळवायचे असले, की ती माझ्यावर हात ठेवून मला सांगायची. कितिओने बाहेर विलायती फणसाखाली डुकराला नारळ घालत बसलेला असे. तो डुकराला उत्तर द्यायचा.

"ओंडक्या, छपराची झावळं कुजलीत. कुणाला दिसतात की नाही कोण जाणे."

"डुकरा, शनिवारी बदलतो म्हणावं."

सगळ्या बेटावर असे चालते असे मी म्हणत नाही. आमच्या घरी चालत असे. मात्र हा मार्ग लहानसहान गोष्टींपुरता होता. मोठी गोष्ट कोणी माझ्यावर ठेवत नसे. पिसिलाच्या शब्दावर प्रश्न विचारणे म्हणजे तिचा अपमान, असे कितिओनेला वाटे.

त्याची एकुलती एक मुलगी लाताइ. ती लहान असताना तिने डुकराच्या एका पिलाच्या दुखऱ्या पायाला चिंधीची पट्टी बांधली होती. पिलू पट्टीसकट चिखलात पळाले. पिसिला तेव्हा माझ्यापाशी बसली होती. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "ही नर्स होणार बरं का, ओंडक्या!" मग तिने थापी उचलली आणि ती गोष्ट विसरून गेली. बाहेर कितिओने बसला होता. तो हसला नव्हता.

लाताइची शाळा संपली तेव्हा निकाल चांगला लागला. शेवटच्या वर्गातली मुले आपापल्या वाटेला लागली. कोणी फळे तोडायच्या हंगामी कामाला परदेशी गेली, कोणी बापाच्या होडीवर. लाताइचे काय, हे कोणी विचारलेच नाही. ती नर्स होणार हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. राजधानीच्या बेटावर नर्सिंगच्या शाळेत तिला जागा मिळाली. गुरुवारी सकाळी बोट होती. पिसिलाने निरोपाचे कापड करायला घेतले आणि माझ्यावर दिवसभर थापा पडू लागल्या.

त्या आठवड्यातल्या एका दुपारी पडवीत फक्त लाताइ आणि तिची आई फाने होत्या. लाताइ स्वतःच्याच निरोपाची साल बडवीत होती. ती थांबली.

"आई, गुरुवारीच इथल्या विजेच्या कचेरीत शिकाऊ वायरमनची परीक्षा आहे. मुलींनाही घेणार आहेत."

"मग?"

"मला तिथं बसायचंय."

फानेची थापी चालूच राहिली. "आणि बोट?"

"दोन्ही एकाच वेळी आहेत, म्हणून तर तुला सांगतेय."

"नर्स होणं वाईट आहे का गं?"

"वाईट कुठं म्हणाले? मला जमेल पण ते. तुफानानंतर गावात अंधार होता ना, तेव्हा ती तारवाली माणसं आली होती. मी त्यांना शहाळी न्यायचे आणि तिथंच उभी राहायचे. तू मला शोधायला यायचीस. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही."

"डोक्यात ठेव मग. तुझ्या आत्याचा शब्द आहे तो. तुझे बाबा त्यापुढे जायचे नाहीत. आणि मी तर या घरची सून. मी कुठल्या तोंडानं बोलू?"

त्यानंतर दोघींनी मिळून बडवायला सुरुवात केली. दोघींच्या थापा एकीनंतर एक अशा पडाव्या लागतात. त्या दिवशी त्या एकमेकींवर आदळत होत्या. मला कळले, पण मी काय करणार? मी ओंडका.

बुधवारी सगळ्या जमल्या. पिसिला माझ्या एका टोकाला, लाताइ समोर, फाने खळ ढवळीत, आणि शेजारची विधवा तेलेसिया, जिचे तोंड थापीपेक्षा जास्त चाले. लाताइचा हात मधेच जोरात पडला आणि पातळ झालेल्या सालीला टर्रकन भोक पडले.

"अगं अगं," तेलेसिया म्हणाली, "साल बडवतेस की आत्याला? उद्या रोग्याला सुई अशीच टोचलीस तर तो बेट सोडून पळेल!"

सगळ्या हसल्या. लाताइ हसली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते लपवायला तिने मान खाली घातली तर ते नेमके माझ्यावर पडले. पिसिलाने थापी खाली ठेवली. ती रागीट बाई होती, पण आंधळी नव्हती.

"घरची आठवण येणार म्हणून रडतेस?"

लाताइने मान हलवली. होय की नाही, ते कळेना. आत्याला उलट उत्तर द्यायचे नाही हे तिला पाळण्यापासून शिकवलेले होते. पण हे रडणे घरच्या आठवणीचे नव्हे, हे पिसिलाने ओळखले. मग तिने माझ्यावर हात ठेवला आणि आवाज चढवला.

"ओंडक्या, बाहेरच्या माणसाला विचार. पोरीला नर्स व्हायचं नसेल तर तो कशाला एवढा हट्टाला पेटलाय?"

बाहेर नारळ खवण्याचा आवाज थांबला.

"डुकरा," कितिओने म्हणाला, "हट्ट माझा कुठला? अक्काचा शब्द आहे, म्हणून चाललंय सगळं."

"माझा? ओंडक्या, मी कधी शब्द दिला? मला वाटलं बापाची हौस आहे. म्हणून तर माझ्या कमरेचे टाके ढिले होईस्तोवर मी हे कापड बडवतेय!"

"डुकरा, तिला म्हणावं, त्या पिलाच्या पायाला पट्टी बांधली होती, तेव्हा."

"कुठलं पिलू?"

"पांढऱ्या कानाचं."

तेलेसियाने तोंडावर पदर घ्यावा तशी थापी घेतली. फाने खळ ढवळायची थांबली. पिसिला माझ्याकडे बघत राहिली, जणू मी साक्षीदार होतो. मी होतोही.

"अरे देवा, ओंडक्या, मी हसले होते रे! हसण्याचं असं कुणी लोणचं घालून वर्षानुवर्षं ठेवतं का?"

"डुकरा, सांग, अक्का हसली तरी आम्ही ते हुकूमच समजतो. विचारायचं कुणी?"

डुक्कर तेवढे गुरगुरले.

पिसिला लाताइकडे वळली. "आता मी विचारते. तुला काय व्हायचंय?"

लाताइने आत्याकडे पाहिले नाही. तिने माझ्यावर तळहात ठेवला.

"ओंडक्या, आत्याला सांग, मला वायरमन व्हायचंय. परीक्षा उद्याच आहे."

"म्हणजे खांबावर?" तेलेसिया ओरडली. "बापाच्या डोक्याच्या वर?"

मित्रांनो, इथे बापाच्या डोक्याला मुलाने हातसुद्धा लावायचा नसतो. त्याच्या डोक्यापेक्षा उंच जागी पाय ठेवून उभे राहायचे, तेही पोरीने, हे गावात कधी घडले नव्हते. पिसिलाच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मला वर्षानुवर्षे ठाऊक होती. तिच्यापुढे लग्ने मोडली होती.

"मला हे आवडलं नाही," पिसिला म्हणाली.

लाताइने हात काढून घेतला आणि फाटलेली साल गोळा करायला लागली.

"थांब. मला आवडलं नाही एवढंच म्हणाले. तो हुकूम नव्हे. एकदा माझ्या हसण्याचा हुकूम झालाय, आता कपाळाच्या आठीचा नको व्हायला." मग तिने पुन्हा माझ्यावर हात ठेवला. पण या वेळी तिचा आवाज हळू होता. बाहेर पोहोचेल इतकाच. "ओंडक्या, ज्याचं डोकं आहे त्यालाच विचार. त्याला चालेल का?"

मी पुष्कळ वेळ वाट पाहिली, असे मला वाटते. ओंडक्याला वेळ नीट समजत नाही. नारळ खवण्याचा आवाज एकदा सुरू झाला आणि पुन्हा थांबला.

"डुकरा," कितिओने म्हणाला, "सांग तिला, की ती वर चढेल तेव्हा मी बाजूला जाऊन बसेन."

दुसऱ्या दिवशी बोट लाताइशिवाय गेली. नर्सिंगची तिची जागा दुसऱ्या कोणा मुलीला मिळाली असेल. त्या मुलीचे पुढे काय झाले मला माहीत नाही. परीक्षेत लाताइ पहिली वगैरे आली नाही. पण ज्यांना घेतले त्यांत ती होती. निरोपाच्या कापडाचे भोक फानेने खळीने ठिगळ लावून बुजवले. ते ठिगळ दिसत असे. कामाच्या गावी राहायला जाताना लाताइ तेच कापड घेऊन गेली. ती तिथे सुखी झाली का, हे मी सांगू शकत नाही. सुट्टीला येई तेव्हा तिच्या हातांना घट्टे असत आणि ती पोटभर जेवत असे.

पुढे माझे दिवस बदलले. बायका खालच्या थराला दुकानातले कापड लावू लागल्या. ते बडवावे लागत नाही. तेलेसिया मुलाकडे ऑकलंडला गेली. थापा कमी झाल्या, मग बंद झाल्या. एका तुफानात पडवीचे छप्पर उडाले, तेव्हा मला ओढून विलायती फणसाखाली ठेवले. आता माझ्यावर माणसे बसतात. एका टोकाला वाळवी लागली आहे. तक्रार नाही. बसणे हाही एक उपयोगच आहे.

त्याच तुफानानंतर गावात पुन्हा अंधार झाला आणि विजेच्या कचेरीची गाडी आली. गाडीतून टोपी घातलेली लाताइ उतरली. आडवा झालेला आमच्या दारातला खांब नव्याने उभा केला होता. त्याच्या समोरच म्हातारा कितिओने माझ्यावर बसला होता. जवळ डुक्कर होते. हे दुसरे, पहिले कधीच कोणाच्या तरी लग्नात संपले होते. कितिओनेने पोरीकडे पाहिले. मग तो काठी टेकीत उठला, डुकराची दोरी धरली आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. तो बसेपर्यंत लाताइ खांबाला हात लावून खाली उभी राहिली. त्याने बूड टेकले, तेव्हा ती चढली.

भावाने जागा सोडलेली पाहून पिसिला बाहेर आली आणि माझ्यावर बसली. तिला आता कमी दिसते. ती मान वर करून नुसत्या आवाजावर लक्ष ठेवून होती. भर दुपारी ओटीवरचा दिवा लागला. उन्हात तो कोणाच्या लक्षातही आला नसता, पण फाने ओरडली. पिसिलाने माझ्यावर हात ठेवला.

"ओंडक्या, त्याला सांग, दिवा लागला."

अंगणाच्या टोकावरून उत्तर आले, "डुकरा, सांग, दिसला."

मित्रांनो, माझ्यासारख्या बोलक्या वस्तू गोष्टीच्या शेवटी काही मागतात. मी काय मागू? वाळवीच्या टोकाला कोणी थोडे खोबरेल लावले तर बरे होईल, पण ते राहिले तरी चालेल. तुमच्या घरात कोणाची शाळा नुकतीच संपली असेल, तर तिला काय व्हायचे आहे, हे एकदा मोठ्याने विचारा. आणि शाळा तुमचीच संपली असेल, तर एकदा मोठ्याने सांगा. समोर बसून जमत नसेल, तर एखादा ओंडका जवळ ठेवा. लाकूड कुठलेही चालते. फक्त बोलताना बाहेर कोणीतरी बसलेले असावे, आणि त्याने ऐकावे.