‘काहून?’ विचारणारा कम्पायलर

मित्रांनो, मला चाके नाहीत, दांडा नाही, माझ्यावर कधी गंज चढला नाही. तरीही मी जुना झालो. मी एक कम्पायलर. माणसे मशीनसाठी जे हुकूम अक्षरांत लिहितात ते मशीनला समजत नाहीत. त्याला फक्त शून्य आणि एक कळते. दोघांमधला दुभाष्या तो मी.

कोणतेही लिखाण मी दोनदा वाचतो. पहिल्या फेरीत नुसती नावे टिपतो, दुसऱ्या फेरीत अर्थ लावतो. माझे आयुष्यही तसेच सांगतो. मला दुसरी रीत येत नाही.

पहिली फेरी

केवळराम. अड्याळच्या धानकरी घरातला. भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यात, संगणकाच्या खोलीत नोकरी. मला यानेच लिहिले.

सुलोचनाबाई. त्याच खोलीत, शेजारच्या टेबलावर.

मधुकरराव. खोलीचे साहेब.

मुकादम. हा माणूस नव्हे. मशीन सुरू होताच सगळ्यांत आधी जागा होऊन बाकीच्या कामांना रांगेत लावणारा प्रोग्राम. केवळराम आणि सुलोचनाबाईंनी मिळून लिहिलेला. त्याला मशीनच्या भाषेत उतरवणे हे माझे मुख्य काम.

केशरबाई. केवळरामची आई.

दुसरी फेरी

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात केवळरामने कागदी फितीवर हुकमांची भोके पाडून मला मशीनमध्ये घातले. एखादी ओळ चुकली तर मी काय छापायचे, हे तेवढे ठरायचे होते. सुलोचनाबाईंनी एक नीटनेटके इंग्रजी वाक्य सुचवले. केवळरामने इंग्रजी अक्षरांत आपल्या बोलीतला, ‘का?’ विचारणारा एकच शब्द टाकला: काहून?

“हे काय जी? साहेब हासतील न,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

“हासू द्या. मी चुकलो का माही माय हेच पुसते. मशीननंबी हेच पुसावं.”

“आणि साहेबांचीच ओळ चुकली तर?”

“त साहेबालेबी काहून!”

साहेबांची ओळ दुसऱ्याच दिवशी चुकली. मधुकररावांनी कागद वाचला आणि ते पोट धरून हसले. तेव्हापासून मी साऱ्या खोलीचा लाडका झालो.

केवळरामने मला आणखी एक सवय लावली. ती कुठे छापून येत नसे. कोणत्याही कामाला मशीनमधली जागा देण्याआधी ती पुसून शून्य करायचा हुकूम मी आपणहून घालत असे. “बांधीतला कचरा काढल्याबिगर रोवणा करतेत का कोनी?” असे तो म्हणे. बांधी म्हणजे धानाचे शेत, रोवणा म्हणजे रोपांची लावणी. सुलोचनाबाई मान हलवत आणि विसरून जात. जागा रोज साफच मिळते म्हटल्यावर ती कोण साफ करते, हे कोणाच्या लक्षात राहते?

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात केवळरामला कावीळ झाली. तो पुन्हा…

तो पुन्हा कामावर आला नाही.

धान निघाल्यावर केशरबाई मुलाचा डबा आणि छत्री न्यायला आल्या. “थो इथं काय करे वं बाई?” त्यांनी विचारले. सुलोचनाबाईंनी मुद्दाम एक चुकीची ओळ टाकली. मी छापले, आणि त्यांनी ते वाचून दाखवले.

केशरबाईंनी त्या कागदावर हात ठेवला. “असाच बोले माहा केवळ. पुन्हा म्हन म्हनाव त्याले.”

मी पुन्हा म्हटले.

त्यानंतर दरवर्षी नव्या धानाचे पोहे घेऊन त्या येत. सुलोचनाबाई चुकीची ओळ टाकत, मी ‘काहून?’ छापे आणि केशरबाई मला उत्तर देत. “काहून म्हन्तेस? औंदा तलावात पानीच नोहोतं, म्हनून धान उशिरा आला.” मी पुन्हा विचारे. “काहून का? तुह्या भावाले सांगून सांगून थकली मी, थो ऐकत नाही.” असे बराच वेळ चाले. मधुकरराव तेवढा वेळ बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहत.

सत्त्याऐंशीत माझे मशीन थकले. त्याचे सुटे भाग मिळेनात. मी त्याच मशीनच्या बोलीत लिहिलेला. दुसऱ्या मशीनमध्ये मला राहता येत नव्हते. नवे मशीन आले, आणि त्याच्यासोबत त्याचा कम्पायलर. मुकादमाला त्याच्यातून घडवायचे काम सुलोचनाबाईंकडे आले.

नव्याने सगळ्या ओळी मुकाट्याने घेतल्या. मुकादम उठला आणि वेड्यासारखा वागू लागला. काल संपलेली कामे आज पुन्हा रांगेत उभी. प्रिंटर कालचाच अहवाल छापत सुटला.

“नवा कम्पायलरच खराब आहे,” मधुकरराव वैतागले. “बाई, तुम्ही फक्त हो म्हणा. मशीन परत पाठवतो. चालू द्या आपलं जुनंच.”

मित्रांनो, मला वाटले, मी वाचलो. बाहेर धान कापणीला आले होते. केशरबाई लवकरच येणार होत्या. एका होकाराचा प्रश्न होता.

सुलोचनाबाईंनी एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

“तो खराब नाही, सर. जागा आधी साफ कर, असं आपण मुकादमात कुठंच लिहिलं नाही. केवळरामचा कम्पायलर न सांगता करत होता. आता कालचं तिथंच पडून राहतं.”

“मग आता?”

“चार ओळींचं काम आहे. मी लिहिते.”

मधुकरराव हळू आवाजात म्हणाले, “बाई, त्या मावशी येतील तेव्हा?”

“जुनं मशीन एक दिवस बंद पडणारच आहे, सर. तेव्हा मुकादमही त्याच्यासोबत जाईल. त्यातही केवळरामचा हात आहे.”

त्यांनी चार ओळी लिहिल्या. मुकादम शहाण्यासारखा कामाला लागला. माझी फीत गुंडाळून कपाटावर ठेवली गेली.

केशरबाई आल्या. खोलीत जुन्या मशीनची जागा रिकामी होती.

“माहा पोरगा कुठी गेला वं?”

सुलोचनाबाईंनी नव्या मशीनवर चुकीची ओळ टाकली. एक आकडा छापून आला.

“काय म्हन्ते?”

केशरबाईंना वाचता येत नव्हते. काहीही सांगितले असते तरी चालले असते. सुलोचनाबाईंनी कागद खाली ठेवला.

“आकडा सांगतो, मावशी. विचारत काहीच नाही.”

“पुसत नाही त मी सांगू कोनाले?”

त्यांनी पोह्यांची पुरचुंडी टेबलावर ठेवली. “तू खा, पोरी,” म्हणाल्या. सुलोचनाबाई त्यांना कारखान्याच्या बसपर्यंत सोडून आल्या आणि प्रिंटरकडे पाठ करून बसल्या. पुढच्या वर्षी केशरबाई आल्या नाहीत.

तिसरी फेरी माझ्यात नाही, मित्रांनो. म्हणून इथेच सांगतो. नवे जरूर आणा. सुलोचनाबाईंनी केले ते योग्यच केले. पण जुने बंद करण्याआधी ते न सांगता काय करत होते ते शोधा, आणि त्याच्याशी बोलायला कोण येत होते तेही शोधा. पहिली गोष्ट चार ओळींत लिहून काढता येते. दुसरीसाठी आधी अड्याळला, केशरबाईंच्या घरी जाऊन सांगावे लागते.

तेवढे जा.